मगरीची साक्ष

आमच्या लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. धुलाईवाले, इस्त्रीवाल्या, घडीवाल्या, गाड्यांवरचे ड्रायव्हर आणि त्यांच्या घरची माणसं, अशी सव्वाशे डोकी जुन्या हौदाभोवती दाटीवाटीने उभी होती. यंत्रं यायच्या आधी या हौदात चादरी खळबळत असत. नंतर कित्येक वर्षं तो कोरडा पडला होता. आदल्या दिवशी तो गार पाण्याने भरला आणि आता त्याच्या तळाशी एक मगर पडून होती.

पुरुषभर लांबीची, काळपट, रुंद बोथट तोंडाची मगर. डोळ्यांवर काळ्या कापडाची पट्टी, जबड्याभोवती पांढऱ्या सुताचे दोन वेढे. पाऊण तास होत आला तरी तिने अंग हलवलं नव्हतं. धुलाईखात्यातला एकजण मनगटावरचं घड्याळ बघून दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होता आणि प्रत्येक वेळी गर्दीतून एक सुस्कारा निघत होता.

पाणबाबा हौदाच्या कट्ट्यावर बसले होते. अंगात पांढरीशुभ्र वस्त्रं. त्यांची इस्त्री आदल्या दिवशी आमच्याच खात्यात झाली होती.

"माणूस जिभेने बोलतो, म्हणून खोटं बोलतो," बाबा सांगत होते. "माझ्या सत्यमाईला जीभ बाहेर काढता येत नाही. तिला श्वास लागत नाही, नजर लागत नाही. वाघाची मान मोडील असा जबडा, पण माझ्या मंत्राचं सूत तिला तोडवत नाही. ती पाण्याला कान लावून बसते आणि पापी कोण ते ओळखते."

पाण्याला कान लावून बसते, एवढंच त्या सगळ्या बडबडीत खरं होतं. ते मला पुढे कळलं. त्या वेळी मी गर्दीत उभी होते आणि माझ्या भोवतीच्या बायका माझ्यापासून हातभर अंतर राखून होत्या.

हा घाट कशासाठी घातला होता ते सांगते. मी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर काम करते. ओली चादर एका बाजूने आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते. चादर रुंद, म्हणून सरकवायला दोघी लागतात. माझी जोडीदारीण आणि मी नऊ वर्षं खांद्याला खांदा लावून तिथे उभ्या राहिलो. रोलरच्या तोंडाशी सेफ्टीची आडवी पट्टी असते. हात फार आत गेला की पट्टीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. आमची पट्टी जुनी झाली होती. चादरीचा जाड काठ लागला तरी रोलर थांबायचा. त्या आठवड्यात हॉटेलांचं काम तुंबलं होतं. रोलर दिवसातून वीस वेळा थांबत होता आणि दर वेळी मॅनेजर येऊन उभे राहत होते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी शाळेतून फोन आला, मुलाला ताप होता. जोडीदारीण हात धुवायला पुढे गेली, मी रोलर बंद करून निघाले. सुट्टी संपली, माझ्या जागी दुसरी उभी राहिली, रोलर सुरू झाला आणि पाव तासात माझ्या जोडीदारणीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. सेफ्टीची पट्टी कुणीतरी तारेने मागे ओढून बांधून ठेवली होती. हात लागूनही रोलर थांबला नाही.

रोलरवरून शेवटी निघाले ती मी. काम भराभर उरकून घरी पळायचं होतं म्हणून हिनेच बांधली असणार, असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या तोंडी झालं. मी सांगून सांगून दमले. मालकीणबाई वयस्कर आणि मनाने सरळ होत्या, त्यांना खरं काय ते हवं होतं. मॅनेजरांनी त्यांच्या डोक्यात भरवलं की चौकशीत माणसं खोटंच सांगतील, त्यापेक्षा पाणबाबांना बोलवू. बाईंचा बाबांवर आधीपासून विश्वास होता. टेम्पोतून मगर आली.

पन्नास मिनिटांनी ती वर तरंगली तेव्हा गर्दीने श्वास सोडला. पाण्यावर फक्त नाकपुड्या, पट्टीखालचे डोळ्यांचे उंचवटे आणि जबड्याची कडा दिसत होती. बाकीचं धूड पाण्याखालीच होतं. परीक्षा आमच्या खात्यातल्या एकोणीस जणांची आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या फिटरची होती. एकेकाने कट्ट्यावर जायचं, उजवा हात पाण्यावर धरायचा, पण पाण्याला टेकवायचा नाही. बाबा चमच्याने हातावर मंतरलेलं पाणी घालत. ते वाया जाऊ नये म्हणून त्यांचा चेला खाली ताटली धरी. माणूस निर्दोष असेल तर सत्यमाई जागची हलणार नाही.

मॅनेजर मोठेपणा दाखवत सगळ्यांच्या आधी पुढे झाले. मगर हलली नाही. मग एकेक बाई गेली. फिटरचा हात इतका थरथरत होता की मला वाटलं तो पाण्यातच पडतो. मगर हलली नाही. बाराव्या नंबरला मी गेले. हातावर गार पाणी पडलं आणि मगरीने डोकं वळवलं. शेपटीचा एकच आडवा झोका मारून, डोळे बांधलेली ती मगर सरळ माझ्यापाशी आली आणि तिचं थोबाड माझ्या तळव्याखाली येऊन थांबलं.

खोटं कशाला बोलू? एक क्षणभर मलाही वाटलं, मीच तर नव्हती ना बांधली तार?

बाबांनी निवाडा दिला. अपराध्याने तीन दिवस पाण्याजवळ राहायचं आणि चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर कबुली द्यायची. हौदाला लागून वरच्या मजल्यावर फाटक्या चादरींची खोली होती. तिची गजांची खिडकी थेट पाण्यावर उघडत होती. मला तिथे ठेवलं.

दाराला कुलूप नव्हतं. बाहेर खुर्ची होती आणि खुर्चीत माझ्या सासूबाई. कुलूप असतं तर मी दार बडवलं असतं, आरडाओरडा केला असता. सासूबाईंना ओलांडून कुठे जाणार? क्वार्टर लॉन्ड्रीचं, नवरा लॉन्ड्रीच्या गाडीवर ड्रायव्हर. मी बाहेर पडले असते तर पळून गेली, म्हणजे गुन्हा कबूल. आत राहिले तर तीन दिवसांनी कबुली. मॅनेजरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिने मुकाट्याने कबूल केलं तर तिची एकटीची नोकरी जाईल; नाही केलं तर दोघांची, क्वार्टरसकट, आणि वर पोलीस.

नवरा डबा घेऊन आला. मुलाचा ताप उतरला म्हणाला. मग चादरींच्या गठ्ठ्यांकडे बघत म्हणाला, "एकदा म्हणून टाक. संपेल सगळं."

"आणि मी बांधलीच नसेल तर?"

"मगर तुझ्याकडेच आली ना पण," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

डबा तसाच राहिला.

खोली चार पावलं लांब होती. भिंतीतून वाफेचा पाइप जात होता, त्यामुळे आत सतत उबट, दमट वाटायचं आणि साबणाचा वास घशात बसायचा. चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. मी खिडकीपासून दारापर्यंत जायचे, दाराच्या फटीतून सासूबाईंचा पदर दिसायचा, परत फिरायचे. खाली मगरीचंही तेच चाललं होतं. एका भिंतीला नाक लागलं की वळायचं, दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं, पुन्हा वळायचं. डोळ्यांवरची पट्टी बाबांनी काढलीच नव्हती. पहिल्या दिवशी मला तिचा राग येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो कुठे गेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चेला तिला खायला घालायला आला. तो एकटाच होता, वर खिडकीत मी आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं. त्याने कसलाही मंत्र न म्हणता, शीळ घालत तिच्या जबड्यावरचं सूत सोडलं. मग बालदीत बोटं बुडवून हौदाच्या एका कोपऱ्यात तीन थेंब टाकले. टप, टप, टप. आंधळी मगर वळली आणि सरळ त्या कोपऱ्यात गेली. त्याने तिथे मासा टाकला. मग दुसऱ्या कोपऱ्यात तीन थेंब. मगर तिथे गेली, तिथे मासा. पोट भरल्यावर त्याने पोत्याचं तोंड धरावं तसं तिचं मिटलेलं तोंड एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने सूत गुंडाळलं. मगरीने तोंड उघडायची धडपड केली असावी, तिची मान हलली. पण त्या हडकुळ्या पोराची पकड तिला सोडवता आली नाही.

मी गज धरून उभी राहिले आणि मला परीक्षेतला आवाज आठवला. माझ्या आधी अकरा जणांच्या हातावरून पाणी खाली आलं ते ताटलीत. ठण, ठण. माझ्या वेळी तो आवाज झालाच नव्हता. माझ्या वेळी झालं होतं, टप.

चेल्याने ताटली बाजूला घेतली होती.

माझ्याकडे पिण्याच्या पाण्याची बाटली होती. चेला गेल्यावर मी गजांतून हात बाहेर काढला आणि खिडकीखाली तीन थेंब सोडले. मगर आली. मी वाट पाहिली, ती लांब गेली, मग पुन्हा सोडले. पुन्हा आली. दहा वेळा केलं, नऊ वेळा आली. मग थेंब न टाकता मी खिडकीतून खाली बघत म्हणाले, "तार मी बांधली." ते धडधडीत खोटं होतं. मगर ढिम्म. "तार मी बांधली नाही." ढिम्म. मग म्हणाले, मला तीन हात आहेत, माझी सासू सोळा वर्षांची आहे. तिला काही फरक पडला नाही.

अपघातानंतर मी पहिल्यांदा हसले. दाराबाहेर खुर्ची करकरली.

तिसऱ्या दिवशी ताई आली. माझी सख्खी मोठी बहीण, दुसऱ्या गावी शाळेत जीवशास्त्र शिकवते. नवऱ्याने तिला फोन केला होता, बहुधा मला समजावायला. सासूबाईंनी तिला आत सोडलं, पण दार उघडं ठेवायला लावलं. मी सगळं सांगितलं. ताईने बराच वेळ खिडकीतून खाली पाहिलं, मला थेंब टाकायला लावले, आणि ती वर्गात बोलते तशी सावकाश बोलायला लागली.

ही मगर अ‍ॅलिगेटर जातीची आहे, परदेशातली, आपल्या नद्यांत नसते, ती म्हणाली. रुंद थोबाड, आणि तोंड मिटल्यावर खालचे दात दिसत नाहीत, त्यावरून ओळखायचं. पाण्यात राहायला अंगच तसं घडलंय. नाक आणि डोळे डोक्याच्या माथ्यावर, म्हणजे बाकीचं अंग बुडवून नुसतं तेवढंच वर ठेवता येतं. बुडी मारताना नाकपुड्या आणि कान झडप लावल्यासारखे मिटतात. डोळ्यावर आणखी एक पातळ पापणी येते, आरपार दिसणारी, पोहताना आपण चष्मा लावतो तशी. घशात मागे एक पडदा असतो, त्यामुळे पाण्याखाली तोंड उघडलं तरी पाणी आत जात नाही. मागच्या पायांच्या बोटांमध्ये कातडी, आणि पोहायचं ते सगळं शेपटीवर.

"आणि तो पाऊण तास?" मी विचारलं.

"श्वास लागत नाही असं नाही. तिने तो आत धरून ठेवलेला असतो. स्वस्थ पडून राहिली की हृदय अगदी मंद होतं, मिनिटाला दोन-तीन ठोके. पाणी गार असेल तर आणखी मंद. बाबांनी हौद गार पाण्याने भरायला सांगितला तो उगाच नाही."

सुताचं गुपित त्याहून सोपं होतं. मगरीचा जबडा मिटतो तो भयंकर ताकदीने, पण उघडणारे स्नायू अगदीच दुबळे. मिटलेलं तोंड माणूस हाताने धरून ठेवू शकतो. मंत्र हवा कशाला, दोरा पुरतो.

"आता थेंबांचं," ताई म्हणाली. "तिच्या जबड्याच्या कडेने काळे ठिपके दिसतात? दाढीचे खुंट असावेत तसे? ते फुगीर असतात, आणि पाणी जरा हललं की त्यांना कळतं. काळोखात, डोळे मिटून, एक थेंब कुठे पडला ते तिला समजतं. मासा हलला, बेडकाने उडी मारली, की ती त्या दिशेला वळते. तिचं पोट त्याच्यावर चालतं. तिला तुझं पाप कळलं नाही गं. तिला वाटलं, मासा आला."

दारातून सासूबाईंचा आवाज आला. "म्हणजे ती कुणाकडेही जाईल?"

आम्ही दोघी वळलो. सासूबाई खुर्ची सोडून आत आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, गजांतून हात घातला आणि मोजून तीन थेंब टाकले. मगर आली. त्यांनी पुन्हा टाकले, आणखी थोडे बाजूला. मगर तिथे गेली. असं त्यांनी सहा वेळा केलं. मग बाटलीचं झाकण नीट घट्ट लावलं, ती माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी खुर्चीची पाठ फिरवून घेतली. आता त्यांचं तोंड जिन्याकडे होतं. माझ्यावर पहारा ठेवणारी बाई आता जिन्यावरून कोण वर येतंय त्यावर पहारा ठेवत होती.

मी ताईला म्हणाले की उद्या मी सगळ्यांसमोर थेंब मॅनेजरांच्या हाताखाली टाकते. बाबांना त्यांनीच आणायला लावलं, कबुलीही त्यांनाच हवीय, म्हणजे हे कुभांड त्यांनीच रचलंय याची मला खात्री आहे. मगर त्यांच्याकडे गेली की लोक त्यांचं काय करायचं ते करतील.

ताईने खाली मगरीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "मग लोकांनी मगरीवरच विश्वास ठेवला ना?"

चौथ्या दिवशी पुन्हा तीच गर्दी. मला कट्ट्यापाशी उभं केलं. मॅनेजरांनी कबुलीचा कागद आधीच लिहून आणला होता. बाबांनी डोळे मिटून मला बोलायला सांगितलं.

मी म्हणाले, कबुली देते, पण त्याआधी माझी परीक्षा आणखी एकदा व्हावी. बाबा म्हणाले की सत्यमाईची अशी पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली तर ती कोपते. मालकीणबाई खुर्चीतून म्हणाल्या, "खरं असेल तर आणखी एकदाही खरंच ठरेल. होऊ दे." मग बाबांचा नाइलाज झाला.

मी हात पाण्यावर धरला. चेला ताटली घेऊन बाजूला उभा होता. मी म्हटलं, बाकीच्यांना होती तशी माझ्या हाताखालीही ताटली धर. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात गर्दीतून सासूबाई पुढे आल्या, त्यांनी चेल्याच्या हातातून ताटली काढून घेतली आणि माझ्या तळव्याखाली दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाबांना चमचा कलता करावाच लागला.

ठण.

मगर जागची हलली नाही.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मी बाबांच्या हातातला चमचा घेतला. तो त्यांनी सोडला, का ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा इतक्या लोकांसमोर बाईशी चमच्यासाठी ओढाताण कशी करायची हे त्यांना सुचलं नसावं. "मॅनेजरांच्या हाताखाली टाक," मागून कुणीतरी म्हणालं. मॅनेजर दोन पावलं मागे सरकले. चमचा माझ्या हातात, पाणी चमच्यात, मॅनेजर समोर. माझ्या तीन दिवसांचा, नवऱ्याच्या त्या वाक्याचा, सगळ्याचा सूड तिथे तीन थेंबांवर आला होता. मला ते करायचं होतं. फार करायचं होतं.

मी वळले आणि हौदाच्या पलीकडच्या अंगाला गेले. तिथे बॉयलरखोलीची कोरी भिंत थेट पाण्याला भिडलेली आहे, उभं राहायलाही जागा नाही. मी कट्ट्याच्या टोकाला वाकून हात लांब केला आणि भिंतीच्या पायाशी थेंब सोडले. टप, टप, टप.

मगर वळली. संथपणे पोहत गेली आणि तिने भिंतीच्या गिलाव्याला नाक लावलं.

"या भिंतीने तार बांधली?" मी विचारलं.

मग घडीखात्यातली एक बाई पुढे आली आणि तिने चमचा मागितला. तिने बाबांच्या पायाशी थेंब टाकले. मगर बाबांकडे गेली. एका ड्रायव्हरने रिकाम्या कोपऱ्यात टाकले. एकाने गंमत म्हणून स्वतःच्याच हाताखाली टाकले आणि मगर आल्यावर दचकून हात मागे घेतला. लोक हसले, आणि ते हसू पसरत गेलं. बाबा सांगत होते की अपवित्र हाताने पाणी बिघडलंय, सत्यमाई गोंधळलीय, हा दिवसच वाईट आहे. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताई कट्ट्यावर चढली आणि तिने आदल्या दिवशी मला सांगितलेलं सगळं लोकांना सांगितलं. सुताचं सांगताना तिने चेल्याला विचारलं की तू बांधताना तोंड कसं धरतोस. पोराने मान खाली घालून, एका हाताची मूठ वळून दाखवली.

तेव्हा फिटर बोलला. ओरडला नाही, पुढेही आला नाही, जिथे होता तिथून बोलला.

"तार मी बांधली," तो म्हणाला. "सुट्टीत. मॅनेजर साहेबांनी सांगितलं, आठवडाभर बांधून ठेव, काम उरकू दे. मीही हात धरला होता ना पाण्यावर? मी तेव्हाच मरणार असं वाटलं होतं. ती आलीच नाही. तेव्हापासून मला माहीत होतं की ती मगर खोटी आहे."

आणि तरी तू गप्प बसलास, असं मी त्याला म्हणाले नाही. त्याचा चेहरा बघून कळत होतं की गेले तीन दिवस तोही जणू कुठल्यातरी खोलीत कोंडलेला होता, आणि त्या खोलीला खिडकीही नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते काही कथेतल्यासारखं झालं नाही. बाबा दुपारच्या आत निघून गेले, मगरीला तिथेच टाकून. वन्यप्राण्यांच्या खात्याची माणसं आली, त्यांनी सूत आणि पट्टी काढली. सुताखाली कातडी चिघळली होती. तिला त्यांनी प्राणिसंग्रहालयातल्या मोठ्या तळ्यावर नेलं. मॅनेजरांवर आणि फिटरवर केस झाली, ती अजून चालू आहे. रोलरला नवी पट्टी बसली. मालकीणबाई माझ्यासमोर रडल्या, पण बाबांचा फोटो त्यांच्या केबिनमध्ये आणखी दोन महिने होता. आमच्या लॉन्ड्रीतली काही माणसं आजही म्हणतात की बाबांचं सामर्थ्य खरं होतं, त्या दिवशी फक्त योग जुळला नाही. नवऱ्याने माझी माफी मागितली. मी त्याला माफ केलं आहे, पण तो माझ्याकडे न बघता काही बोलला की मी अजून त्याला थांबवते आणि माझ्याकडे बघून बोलायला लावते.

त्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले. जोडीदारणीचा हात बँडेजमध्ये, कोपरापर्यंत. मी तिला सगळं सांगितलं, मगर, सूत, थेंब, भिंत, फिटर. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तार फिटरने बांधली ते मला माहीत होतं की."

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"सुट्टीत मी चष्मा विसरले म्हणून परत आले होते. तो रोलरखाली वाकला होता. विचारलं तर म्हणाला, साहेबांनी सांगितलंय. मला वाटलं, दुरुस्ती करतोय." तिने पांघरूण डाव्या हाताने सारखं केलं. "मॅनेजर येऊन गेले, म्हणाले चौकशी चाललीय. मला वाटलं, तुम्ही कुणीतरी येऊन विचाराल. रोज वाट बघत होते."

सव्वाशे माणसं चार दिवस एका जनावराला विचारत होती आणि जिची बोटं गेली तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी एवढी शहाणी, दहा वेळा थेंब टाकून मोजणारी. मी धरूनच चालले होते की सगळ्यांसारखी तीही तेव्हा जेवायला गेली असणार.

म्हणून हे लिहिलं. बाबा दुसऱ्या गावी गेले असतील, दुसरं जनावर, दुसरा दोरा. तुमच्याकडे आले तर रागावू नका, घाबरूही नका. जे दाखवतील ते पुन्हा दाखवायला सांगा, आणि या वेळी ताटली तुम्ही धरा. आणि त्याच्याही आधी, ज्याला माहीत असायची शक्यता आहे त्या माणसाकडे जा, त्याच्याजवळ बसा आणि त्याला साध्या शब्दांत विचारा की काय झालं.